चौदा दिवसांचा परदेश

येरेवान, आर्मेनिया
८ जुलै २०२१

ती. आरफाआपास,
धाकट्या दिलावरचा सलाम. वि. वि.

मी काल दुपारी इथं सुखरूप पोचलो. दिल्लीचं विमान सहा तास उशिरा सुटलं. फोन केला असता, पण साथीनं तुझे कान नेले आन् पोरगी रूही माझा फोन उचलत न्हाई. म्हणून तू म्हणालीस तसं कागदावर लिहून त्याचा फोटू तुझ्या मोबाईलवर पाठवतोय. अक्षर हसण्यासारखं आहे, हसून घे.

घाईत निघालो, तुला नीट सांगायचं राहिलं. सौदीनं भारतातनं सरळ येणं बंद केलंय. मधी तिसऱ्या देशात चौदा दिवस काढायचे, तिथली तपासणी चांगली निघाली की मंग दम्मामचं विमान. मंचरच्या एजंटानं आमाला आर्मेनियात धाडलं. माझ्या खोलीत घोडेगावचा सोमनाथ आहे, तिकडं क्रेन चालवतो. कागदावर आमी दोघं टुरिस्ट. विमानतळावरच्या फॉर्मात येण्याचं कारण लिहिलं, सहल. अठरा वर्षं परदेशात एसी दुरुस्त करत काढली, पण सहलीला पयल्यांदाच आलो.

शहर देखणं आहे. घरं गुलाबी दगडाची. रस्त्यात जागोजागी दगडी नळ, त्यातनं गार पाणी सारखं उडत असतं, कुणीबी वाकून प्यावं. ऊन मात्र आपल्या मे महिन्यासारखं. संध्याकाळी मोठ्या चौकात कारंजी चालू करतात, गाणी लावतात, बायकापोरं नटून फिरतात. मास्क शंभरातल्या दहांच्या तोंडाला. सोमनाथ लई खूश आहे, दर कारंज्यापाशी फोटू काढतो. मलाबी उभा करतो. त्या फोटूत मी कसा दिसतो ते बघवत न्हाई, म्हणून तुला पाठवले न्हाईत.

सकाळी सहाला जाग येते. कामावर जायचं न्हाई हे आठवतं, आन् मंग दिवसाचं काय करायचं ते सुचत न्हाई. झुबेदाला जाऊन आज एकोणऐंशी दिवस झाले. तिला कुठंतरी बाहेरदेशी न्यायचं व्हतं. दर सुट्टीत म्हणायचो, पुढच्या वर्षी.

रूहीला माझा सलाम सांग. तुझ्याशी बोलायच्या वहीत ती काही लिहील तर मला कळव. तुझी माया हाये तशी राहू दे, एवढंच मागतो.

तुझा,
दिलावर


७८६
जुन्नर, १० जुलै २०२१

चि. दिलावर यास,
आरफाआपाच्या अनेक दुआ. वि. वि.

पत्र मिळाले. एकतीस वर्षे मी पोरांच्या पाटीवरचे 'व्हतं' पुसून 'होतं' लिहिले, आणि माझा सख्खा भाऊ परदेशातून 'व्हतं' लिहून पाठवतो. तांबड्या पेनाने खुणा करणार होते, मग राहू दिल्या. तुझा आवाज आता मला एवढ्यातूनच ऐकू येतो.

इकडे पाऊस बरा आहे. तळेघरकडे भातलावणी सुरू झाली म्हणे. मी ठीक. कानांचे औषध चालू आहे, कान बंद आहेत. डॉक्टरांनी वहीत लिहून दिले की साथीनंतर काहींचे असे होते, काहींचे परत येते. पुढे काही लिहिले नाही.

आता जे लिहायचे ते लिहिते. तू पहाटे सव्वाचारला निघालास, रूहीला न उठवता. लहान होती तेव्हापासून तुम्हा नवरा-बायकोची हीच रीत, की पोर रडू नये म्हणून ती झोपेत असताना जायचे. पण दिलावर, ती आता तेरा वर्षांची आहे. आणि झुबेदाच्या चाळिसाव्याला तूच तिला ओट्यावर बसवून म्हणालास की आता मी कुठे जात नाही. मी तेव्हा तुझे ओठ वाचले होते.

मला वाटले होते, उठल्यावर विचारेल, रडेल. सात वाजता उठली. सरळ स्वयंपाकघरात गेली. पोहे भिजवले ते दोघींपुरते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

दुसरे म्हणजे, तिचा हमजामामू संगमनेरहून निरोपावर निरोप पाठवतो आहे. बकरी ईदनंतर येतो आणि भाचीला घेऊन जातो, तिथे मामेबहिणी आहेत, शाळा जवळ आहे, म्हणतो. मनाने चांगला आहे. बहिणीची एकच निशाणी, त्याचा जीव तुटतो. रूही हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. बाप तू आहेस, तेव्हा काय ते लवकर कळव.

जेवण वेळेवर कर. तिथे चांगली फळे मिळतात असे मी भूगोलात शिकवले आहे, खाऊन खरे-खोटे सांग. आमचा जीव तुझ्यापाशी आहे हे धरून चाल.

तुझी,
आपा


येरेवान, १३ जुलै २०२१

ती. आपास,
दिलावरचा सलाम. वि. वि.

भूगोल खरा आहे. जर्दाळू असे की बोटानं दाबले की रस. सोमनाथनं एका बैठकीत किलोभर खाल्ले आन् दोन दिवस खोलीतनं बाहेर पडला न्हाई. त्याच्या पायी माझंबी फिरणं बंद. तसं फिरून तरी काय. एकट्यानं चांगली जागा बघितली की वळून कुणाला तरी दाखवावीशी वाटते. वळून बघतो तर अनोळखी माणसं.

आमच्या खोलीची मालकीण नूने नावाची बाई, साठीच्या पुढची. खालच्या मजल्यावर एकटीच राहते. परवा तिच्या खिडकीतला एसी बंद पडला. हे ऊन, आन् म्हातारी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन अंगणातल्या तुतीच्या झाडाखाली बसलेली. मी खुणेनं विचारलं, बघू का. तिच्याकडं एक जुना पाना आन् पेचकस व्हता. कॉइलात तुतीचा पाला आन् धूळ गच्च बसली व्हती, एक वायर जळाली व्हती. दोन तासांत चालू केला. आपा, गेल्या तीन महिन्यांत तेवढे दोनच तास माझं डोकं शांत व्हतं.

मंग तिनं कॉफी दिली आन् फोनवर बोलून भाषा बदलून दाखवली. विचारलं, घरी कोण आहे. मी सांगितलं, बहीण आहे, मुलगी आहे, बायको आहे.

तोंडातनं गेलं. दुरुस्त करता आलं न्हाई. आज सकाळी ती वर आली आन् हातानं भरलेला एक टेबलावरचा रुमाल माझ्या हातात ठेवला. बायकोसाठी. मी घेतला. बॅगेत तळाला ठेवलाय. त्या बॅगेकडं आता बघवत न्हाई.

हमजा म्हणतो ते बरोबरच असंल. तिथं रूहीला बरोबरीच्या पोरी मिळतील. तुलाबी या वयात त्रास नको. तूच ठरव, मी तुझ्या शब्दाबाहेर न्हाई.

एकवीसला दम्मामचं विमान आहे, एकोणीसला तपासणी. दुआ कर. रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझा,
दिलावर


जुन्नर, १५ जुलै २०२१

चि. दिलावर यास,
आपाच्या दुआ. वि. वि.

'तूच ठरव' असे लिहिलेस. एसी कोणत्या भिंतीला बसवायचा ते मला विचारले असतेस तर मी ठरवून दिले असते. ही मुलगी आहे, आणि तुझी आहे.

तुझ्या पलंगाखाली केर काढताना एक कागद सापडला. दम्मामच्या कंपनीचा, इंग्रजीतला. मला नीट समजेना म्हणून रूहीने वाचून माझ्या वहीत मराठी करून दिले. त्यात लिहिले आहे की तुझ्या घरचे दुःख लक्षात घेऊन तुला सप्टेंबरअखेरपर्यंत सवलत दिली आहे, तोवर नोकरी राखून ठेवू. आणि तू आम्हाला सांगितलेस की जुलैत पोचलो नाही तर व्हिसा जातो.

रूहीने सगळे वाचले, लिहिले, कागदाची घडी घातली आणि कपडे वाळत घालायला गेली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिले. तिला काय सांगू, तूच सांग.

जानकाबाई आली होती. तळेघरच्या शाळेत मी होते तेव्हा रोज मला ओढा ओलांडून देणारी. तीन मैल चालून, मग एसटीने, डोक्यावर नाचणीचे पीठ घेऊन आली. माझ्या कानाशी एवढ्या जोराने ओरडली की समोरच्या घरातली माणसे बाहेर आली. मला काहीच ऐकू आले नाही, पण तिला वाईट वाटू नये म्हणून मी मान हलवली. नंतर रूहीने वहीत लिहिले की जानकाबाई विचारत होती, तुमचा भाऊ असा का पळाला. आणि मी मान हलवून हो म्हणाले होते.

हसू आले. पण प्रश्न माझाही तोच आहे. रागावून विचारत नाही. मोठी बहीण विचारते आहे. खरे लिही, जसे येईल तसे लिही.

जीव लावून आहोत, उत्तराची वाट पाहतो.

तुझी,
आपा


येरेवान, १९ जुलै २०२१

ती. आपास,
सलाम. वि. वि.

घाबरू नको. तपासणी पॉझिटिव्ह आली. परवापास्नं अंग मोडून आलं व्हतं, मला वाटलं उन्हाचं असंल. ताप एकशे एक. सोमनाथ निगेटिव्ह निघाला, त्याला लगेच दुसरीकडं हलवलं, तो परवा दम्मामला जाईल. बिचारा दाराबाहेरनं बोलून गेला. त्याच्या घरची लसणाची चटणी ठेवून गेलाय. नाकाशी धरली तर काही वास न्हाई.

डॉक्टर फोनवर बोलला, गोळ्या आल्यात. खोलीबाहेर पडायचं न्हाई. नूनेबाई दोन वेळा दारात जेवण ठेवते, दोनदा टकटक करते आन् जिना उतरते. तिची पावलं खाली पोचेपर्यंत ऐकत राहतो.

आपा, झुबेदा नऊ दिवस अशीच पडली व्हती. मी रोज दवाखान्याच्या फाटकाशी डबा देऊन यायचो आन् मनाशी म्हणायचो, आपण काहीतरी करतोय. आत काय असतं ते आता कळतंय. भिंत असते. भिंतीवर डाग असतो. त्या डागाकडं दिवसभर बघायचं.

तू खरं विचारलंस. ऐक. एप्रिलच्या सुरवातीला, सुट्टीवर असताना, मी नारायणगावला एका टोमॅटोच्या व्यापाऱ्याकडं कोल्डरूम बसवाया गेलो व्हतो. तिथनं आलो तवा घसा खवखवत व्हता. कुणाला सांगितलं न्हाई. दोन दिवसांत बरा झालो. पाचव्या दिवशी झुबेदाला ताप, मंग तुला. ती गेली, तुझे कान गेले, मला काही झालं न्हाई. मीच आणलं आपा घरात. त्या घरात रोज सकाळी रूही माझ्यापुढं चहा ठेवायची, आन् मला वाटायचं हिला कळलं तर. म्हणून पळालो. नोकरीचं नाव केलं.

वाटलं व्हतं, पुन्हा कामाला जुंपलो की विसरंल. मधी हे चौदा दिवस येतील हे ध्यानातच आलं न्हाई.

ईद चांगली करा. रूहीला हे सगळं सांगायचं की न्हाई ते तू बघ. मला माफ करता आलं तर कर.

दिलावर


जुन्नर, २० जुलै २०२१

चि. दिलावर यास,
आपाच्या लाख दुआ. वि. वि.

पाणी भरपूर पी. पालथा झोप. ताप वाढला तर त्या बाईला हाक मार, संकोच करू नकोस. तुझी एक लस झालेली आहे हे डॉक्टरला सांग. सोमनाथच्या भावाचा नंबर मिळवला आहे, सोमनाथकडून नूनेबाईंच्या मुलीचा नंबर येतो आहे. एवढे आधी.

आता तुझ्या त्या गोष्टीबद्दल. त्याच आठवड्यात मी रेशनच्या रांगेत दोन तास उभी होते आणि पुढची बाई खोकत होती. झुबेदा शेजारच्या मयतीला जाऊन आली, मीच तिला म्हणाले होते की गेले पाहिजे. रूही शिकवणीला जात होती, तिथल्या बाई नंतर आजारी पडल्या. अर्धे गाव खोकत होते. रोग कोणाच्या पायांनी आपल्या उंबऱ्याच्या आत आला हे कोणीही लिहून ठेवलेले नाही, आणि कोणाला कधी कळणारही नाही. कदाचित तूच आणला असशील. कदाचित मी. मी सुद्धा हे तीन महिने मनात घेऊन बसले आहे, पण मला पळायला देश नव्हता.

तू स्वतःला गुन्हेगार ठरवलेस, शिक्षाही स्वतःच दिलीस, आणि ती शिक्षा भोगते आहे रूही. यात न्याय कुठे आहे ते मला दाखव.

तुझे पत्र मी तिला दाखवणार नव्हते. पण माझा मोबाईल तीच लावून देते, पत्रे तीच उघडते. तिने माझ्या आधी वाचले. मग मोबाईल माझ्यापुढे ठेवला. उद्या ईद आहे. शिरखुर्मा करायचा की नाही असे विचारून वही पुढे केली, तिने ती मिटून ठेवली.

बरा हो. आधी बरा हो, मग बाकीचे.

तुझी,
आपा


जुन्नर, २२ जुलै २०२१

अब्बूंना,
रूहीचा सलाम. वि. वि.

फुप्पीने सांगितले म्हणून लिहीत नाही. मीच लिहिते आहे.

तुमचा ऑक्सिजन किती आहे? बोटाला लावायचे मशीन तिथे मिळते का? अम्मीचा ब्याऐंशी झाला तेव्हा नेले, तेव्हा उशीर झाला होता असे नंतर सगळे म्हणाले. तुम्ही रोज सकाळी आणि संध्याकाळी आकडा लिहून पाठवा. दुसरे काही लिहिले नाही तरी चालेल.

आणखी एक सांगायचे आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी जागी होते. तुम्ही माझ्या पायाशी उभे राहिलात. चादर सरळ केलीत. बॅगेची चेन बाहेर ओट्यावर जाऊन लावलीत, आवाज होऊ नये म्हणून. मी दर वेळी जागी असते. मी पहिलीत होते तेव्हा अम्मीने शिकवले होते, की अब्बू निघतील तेव्हा डोळे मिटून पडून राहायचे, हलायचे नाही. तू रडलीस तर त्यांचा पाय निघत नाही आणि मग तिकडे त्यांना काम सुचत नाही. तुम्ही गेल्यावर अम्मी येऊन माझ्या शेजारी झोपायची. म्हणायची, शाबास.

या वेळी अम्मी नव्हती. तरी मी डोळे मिटले. का मिटले ते माहीत नाही, सवय असेल. मला वाटले होते, या वेळी तुम्ही हाक माराल. मी मोजत होते. शंभरपर्यंत मोजले, मग टॅक्सी सुरू झाली.

कोल्डरूमचे वाचले. मला त्याचा राग आला नाही. मला कागदाचा राग आला, कारण तो मीच मराठीत लिहिला.

मशीन घ्या. आकडा पाठवा.

रूही


येरेवान, २६ जुलै २०२१

चि. रूहीस,
अब्बूची दुआ. वि. वि.

सकाळी शहाण्णव, आता सत्त्याण्णव. मशीन नूनेबाईंनी दोरीला बांधून खिडकीतनं वर दिलं. गेले तीन दिवस नुसते आकडेच पाठवले, कारण दुसरं लिहाया बसलो की पेन थांबायचं. आज ताप न्हाई. आज लिहितो.

तू जागी व्हतीस हे मला ठाऊक नव्हतं. बारा वर्षं मी घरी पाय न वाजवता चालाया शिकलो, आन् तू श्वास न वाजवता. तुझ्या अम्मीनं दोघांनाबी सांभाळलं, आन् ती एकटी मधी जागी राहिली.

तू विचारलं न्हाईस, तरी सांगतो. मी हाक का मारली न्हाई. हाक मारली असती तर तू उठली असतीस, आन् तू उठून माझ्याकडं नुसतं बघितलं असतंस तरी मला जाता आलं नसतं. हे मला पक्कं माहीत व्हतं. मला जायचं व्हतं, म्हणून हाक मारली न्हाई. तुझी झोप मोडू नये असलं काही मनात नव्हतं. आपाला आन् स्वतःला मी तेच सांगत व्हतो, ते खोटं.

चाळिसाव्याला दिलेला शब्द मोडला. कागद लपवला. तुझ्या हातानं तो कागद मराठीत लिहिला गेला, याच्याइतकी लाज मला कशाची वाटली न्हाई.

आजारात लई आठवलं. तुझ्या दहा वाढदिवसांना मी घरी नव्हतो. तू पडलीस, तुझा दात पडला, तू पयला नंबर काढलास, सगळं मला फोनवर कळलं. मी दम्मामच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या अनोळखी माणसांना गार वारा देत व्हतो आन् तुमी दोघी जुन्नरच्या उन्हाळ्यात पंख्याखाली. झुबेदा कधी बोलली न्हाई. आज वाटतं, बोलाया पायजे व्हती. पण मीबी कधी विचारलं न्हाई.

तू माझ्याशी बोलावंस म्हणून हे लिहीत न्हाई. खरं काय ते तुझ्याकडं असावं म्हणून लिहितोय. संध्याकाळचा आकडा पाठवतोच.

अब्बू


जुन्नर, २९ जुलै २०२१

चि. दिलावर यास,
आपाच्या दुआ. वि. वि.

आकडे येत आहेत. रूही स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तारखेखाली पेन्सिलीने लिहिते. सत्त्याण्णव झाला त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, मला दिसले.

हमजा काल आला होता. सोबत मामेबहिणीने दिलेला ड्रेस, मिठाई. रूहीने त्याला जेवू घातले आणि मग सांगितले की ती संगमनेरला येणार नाही. मी काही ओठ वाचले, काही हमजाने नंतर वहीत लिहिले. ती म्हणाली, फुप्पीला दार वाजलेले कळत नाही, दूध उतू गेलेले कळत नाही, मी गेले तर कोण सांगेल.

मला ते आवडले नाही. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, बाळ, माझ्यासाठी राहू नकोस, मी एकटी जगायला शिकलेली बाई आहे. त्यावर तिने वहीत लिहिले, फुप्पी, तुम्हाला पण खोटे लिहिता येते का.

दिलावर, तुला खरे लिही म्हणाले, तर मीही लिहिते. अजान झाली हे मला समोरच्या घरातल्या बाईने पदर डोक्यावर घेतला की कळते. पाऊस आला हे पत्र्यावरून कळत नाही, खिडकीतून पाहावे लागते. पाठीमागे कोणी आले-गेले तरी समजत नाही, म्हणून मी आता दिवसभर दाराकडे तोंड करून बसते. रात्री दिवा मालवला की काहीच उरत नाही, ओठ नाहीत, वही नाही. तेव्हा रूही माझ्या तळहातावर बोटाने 'झोपा' असे लिहिते. तेवढ्यावर मी झोपते. ती गेली असती तर मी तिला हसून निरोप दिला असता, आणि मग काय केले असते ते मला माहीत नाही.

तुला ये म्हणत नाही. दम्मामला जाशील तरी तू माझा भाऊच आहेस. फक्त जे करशील ते तोंडावर सांगून कर. हमजाही तुझ्या शब्दासाठी थांबला आहे.

आमच्याकडून माया कमी पडणार नाही, तू पत्रे कमी करू नकोस.

तुझी,
आपा


येरेवान, ४ ऑगस्ट २०२१

ती. आपास आन् चि. रूहीस,
सलाम आन् दुआ. वि. वि.

दोघींना मिळून लिहितोय, म्हणजे कुणी कुणाला वाचून दाखवाया नको.

काल तपासणी निगेटिव्ह आली. आज सकाळी मी दम्मामला फोन केला. साहेबाला सांगितलं की मी येत न्हाई, माझ्या जागी दुसरा माणूस घ्या. तो भला माणूस, म्हणाला की सप्टेंबरपर्यंत विचार कर. मी म्हणालो, विचार झाला. सोमनाथ माझी तिथली पेटी पुढच्या वर्षी येताना आणंल. शनिवारी दिल्लीचं विमान आहे. तिथनं रेल्वेनं पुणं, मंग एसटी. सोमवारी दुपारपर्यंत जुन्नर. नारायणगाव-मंचरकडं कोल्डरूमची कामं आहेत, ती करीन. हमजाला मीच फोन करून सांगतो.

पंधरा दिवसांनी काल खाली उतरलो. बॅगेतनं तो भरतकामाचा रुमाल काढला आन् नूनेबाईंकडं गेलो. त्यांची मुलगी आली व्हती, तिला इंग्रजी येतं. मी सांगितलं की मी खोटं बोललो, बायको एप्रिलमधी वारली, हा रुमाल मला ठेवता येणार न्हाई. मुलीनं आईला सांगितलं. वाटलं, म्हातारी रागावंल. तिनं रुमाल परत घेतला न्हाई. खुर्ची सरकवली, कॉफी ठेवली आन् विचारलं, नाव काय व्हतं.

मी सांगितलं, झुबेदा. तिला नीट म्हणता येईना. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. आपा, या गावात आल्यापास्नं तिचं नाव मी मोठ्यानं पयल्यांदाच घेतलं. मंग तिथंच बसून रडलो. त्या दोघी माझ्यापाशीच बसून राहिल्या.

संध्याकाळी चौकात एकटाच गेलो. कारंजी चालू व्हती. या वेळी फोटू काढून घेतला, एका पोरीला सांगून. सोबत पाठवतोय. बारीक झालोय, पण बघण्यासारखा आहे.

घरी आल्यावर मला जमंल की न्हाई, ठाऊक न्हाई. त्या घरात झुबेदाशिवाय राहायची भीती अजून आहे तशीच आहे. पण तुमी दोघी तिथं चार महिने राहताय, आन् मी विचारलंबी न्हाई की तुमाला भीती वाटते का. आल्यावर विचारीन. तोवर जेवढी माया शिल्लक असंल तेवढी राखून ठेवा.

तुमचा,
दिलावर


जुन्नर, ५ ऑगस्ट २०२१

अब्बूंना,
रूहीचा सलाम. वि. वि.

पत्र आणि फोटो मिळाले. फुप्पींनी फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या की शर्टाचे बटण तुटले आहे.

विमानात मास्क काढू नका. पुण्याहून एसटीत खिडकीपाशी बसा. आल्यावर आधी अंघोळ करा, मग फुप्पीला भेटा. त्यांना समोरून भेटा, पाठीमागून जाऊन दचकवू नका. त्यांच्याशी बोलताना तोंडावर हात ठेवायचा नाही आणि भराभर बोलायचे नाही. तुम्ही भराभर बोलता.

तुमचा पलंग बाहेरच्या खोलीत हलवला आहे. आतल्या खोलीत मी आणि फुप्पी झोपतो. अम्मीचे कपाट आम्ही उघडलेले नाही. फुप्पी म्हणतात, तिघे असताना उघडू.

माझी शाळा सुरू झाली आहे, आठवीपासूनचे वर्ग बसतात. सोमवारी दुपारी मी शाळेत असेन. मुद्दाम सुट्टी घेणार नाही. साडेपाचला येते.

तुम्ही आल्यावर मी लगेच पूर्वीसारखी बोलेन असे समजू नका. मला येईल तेव्हा बोलेन. तुम्ही विचारणार आहात ना की भीती वाटते का, ते मला नको, फुप्पीला आधी विचारा. मला नंतर विचारा.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असे लिहायचे असते, असे फुप्पी शेजारी बसून सांगत आहेत. ते आपण तुम्ही घरी आल्यावर बघू.

रूही